हिरवा दिवा, उभं पीक

झाडणीची मूठ तेवढी सुमनमावशीच्या हातात राहिली. बाकीची झाडणी मशीनने आत ओढून नेली.

मी धावत जाऊन बंदचं बटण दाबलं. आत काड्या मोडल्याचा आवाज झाला आणि मग मशीन थांबली. मावशी हातातल्या मुठीकडे पाहत उभी होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती. तिला काय झालं तेच कळलं नव्हतं.

"बंद होती न वो मशीन," ती मला म्हणाली. "हिरवा लागला होता न."

हिरवा दिवा लागला होता हे खरं. मीही पाहिला होता. आणि मशीन चालू होती हेही खरं. आमची साफ करायची पद्धत अशी, की आधी झाडणी आत घालायची आणि तिने जे निघत नाही ते हाताने काढायचं. झाडणीनंतर मावशीचा हातच जाणार होता.

मी अकोल्याच्या एमआयडीसीत एका डाळमिलमध्ये ऑपरेटर आहे. आमच्याकडे तूर येते तेव्हा तिच्यात माती, खडे, काड्या, शेंगांची टरफलं असं सगळं असतं. ते काढायचं काम आमच्या सेक्शनचं. एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये तूर वर चढवायला एलेव्हेटर असतो. विहिरीवरच्या रहाटासारखाच. एका लांब पट्ट्याला लोखंडी वाट्या लावलेल्या असतात. त्या खालून तूर भरून घेतात आणि वर नेऊन ओततात. तळाशी जी पेटी असते तिला आम्ही बूट म्हणतो. तूर ओलसर असली किंवा एखादी काडी आडवी बसली, की बूट भरून जातो आणि वाट्यांना जागा राहत नाही. याला चोक होणं म्हणतात. चोक झाला की मशीन बंद करायची, बुटाचं झाकण उघडायचं आणि आतलं काढायचं. हे काम रोजचं. चपाती करताना परातीला चिकटलेलं पीठ काढावं तसं आम्ही ते करत आलो.

त्या दिवशी नव्या लाईनची ट्रायल होती आणि काड्या बसल्या असतील म्हणून मावशीने बुटाचं झाकण उघडलं होतं. शेठने सगळा नवा संच बसवला होता. जुन्या मशीनी बोंबलतात. चालू आहे की बंद, ते लांबून कळतं. नवी मुकी. पट्टा सगळा झाकलेला, बाजूच्या मशीनींचा गलका चालू, त्यात हिचा आवाज येतच नाही. झाकण उघडलं की मशीन आपोआप बंद पडेल असा एक स्विच झाकणाला असतो. तो त्या दिवशी जोडायचा राहिला होता, आणि बुटाच्या आत अंधार असतो. म्हणून मावशीने पाहायचं ते एकच होतं. दिवा.

आमचे मॅनेजर काळेसाहेब ऑफिसमधून पळत आले. त्यांच्यामागे नव्या मशीनच्या कंपनीचे इंजिनिअर राऊतसर.

"डोळे कुठं होते तुमचे?" साहेब मावशीवर ओरडले.

"दिव्यावर."

"दिव्यावर होते आन् आत हात घालता?"

"हात कुठं घातला साहेब? झाडणी घातली."

"लय उपकार केले!"

साहेब मनाने वाईट नाहीत. घाबरलेला माणूस असाच ओरडतो. पण मग त्यांनी जे सांगितलं ते घाबरून सांगितलेलं नव्हतं. ते त्यांच्या मनात आधीपासून असावं.

"उद्यापासून सुमनबाईला वाळवणाच्या आवारात पाठवा. ह्या लाईनवर शिकलेली पोरं आणू. दिवा वाचता आला पाहिजे मानसाले."

आवार म्हणजे मिलच्या मागचं सिमेंटचं मोठं अंगण. तिथे तेलपाणी लावलेली तूर उन्हात पसरतात आणि दिवसभर दाताळं ओढून खालीवर करतात. अकोल्याचं ऊन कसं असतं ते मी सांगायला नको. मावशीचे गुडघे गेलेले. मशीनजवळ ती उभी राहून काम करू शकत होती, कारण टेकायला खांब होता. आवारात टेकायला काही नाही. तिला आवारात पाठवणं म्हणजे घरी पाठवणं, फक्त थोड्या दिवसांनी. घरी तिचं कोणी नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी अंजनगावला दिलेली. मिल हेच तिचं माणसात असणं होतं.

साडीवर घातलेल्या पुरुषी शर्टाची बाही मावशी नीट करत राहिली. आम्ही सगळ्या बायका साडीवर शर्ट घालतो. पदर मशीनमध्ये जाऊ नये म्हणून.

"साहेब, मीही तेच केलं असतं," मी म्हणाले.

"काय?"

माझा आवाज बारीक. मिलमध्ये बारीक आवाज चालत नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणावं लागलं, तेव्हा सगळ्या सेक्शनने ऐकलं. माझे कान तापले.

"मंग तुमी पण जा आवारात!" साहेब म्हणाले.

तेव्हा राऊतसर मध्ये पडले. मूळचे ते अंजनगाव सुर्जीकडचे. आता अमरावतीला राजापेठेत राहतात आणि ट्रायलच्या दिवसांत तिथून रोज गाडीने यायचे. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "ताई, तुमी काहून केलं असतं?"

ते रागावून विचारत नव्हते. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं. म्हणून मला बोलता आलं.

"हिरवा म्हणजे बंद न सर."

"हिरवा म्हणजे चालू, ताई. सगळीकडं."

"आमच्याकडं नाही."

मला पुढे समजावून सांगता येईना. मी चालायला लागले. ते मागे आले.

आमचं जुनं पॅनल भिंतीला आहे. पॅनल म्हणजे लोखंडी कपाट, त्याच्या दारावर बटणं आणि दिवे. वर एका ओळीत लाल, पिवळा, निळा. विजेच्या तीन तारांचे तीन दिवे. ज्यांच्या शेतात मोटार आहे त्यांना ते माहीत असतात. तिन्ही लागले की लाईट पूर्ण आली. त्याखाली प्रत्येक मशीनचे दोन दिवे, लाल आणि हिरवा. मशीन चालू असली की लाल लागतो. बंद केली की लाल जातो आणि हिरवा लागतो. मी मिलमध्ये आले तेव्हा मावशीनेच मला शिकवलं होतं. लाल लागला की हात काढ. हिरवा लागला की घाल. एवढंच. आमच्या सगळ्यांचे हात आजवर शाबूत आहेत ते याच्यावर.

राऊतसरांनी पॅनलसमोर उभं राहून एक मशीन बंद करायला लावली, परत चालू करायला लावली. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"हे कोणी बांधलं?"

"मी बांधलं," रहीमभाई म्हणाले. ते आमचे जुने वायरमन. बोलावलं नव्हतं तरी येऊन उभे होते. "काहून, काही गलत हाय का? लाल म्हंजे तारेत करंट हाय, दूर रहा. हिरवा म्हंजे थंडा. यात गलत काय हाय, सांगा ना साहब."

"गलत काहीच नाही भाई," राऊतसर म्हणाले. "सबस्टेशनमधी पण असंच असते."

"मंग?"

"मंग काय! तुमचं पण खरं आन् माझं पण खरं. लफडं तेच हाय."

मग त्यांनी आम्हाला नीट सांगितलं. ते मला जसं समजलं तसं लिहिते. विजेचं काम करणाऱ्यांचा दिवा माणसाला धोका सांगतो. तारेत वीज आहे, मारेल, म्हणून लाल. वीज नाही, म्हणून हिरवा. मशीन बनवणाऱ्यांचा दिवा मशीनची तब्येत सांगतो. हिरवा म्हणजे मशीन बरी आहे, चालते आहे. पिवळा म्हणजे काहीतरी बिनसायला लागलं, लक्ष द्या. लाल म्हणजे बिघाड, थांबवा. पांढरा म्हणजे वीज आहे, पण मशीन उभी आहे. दोन्ही रीती जुन्या, दोन्ही शहाण्या माणसांनी ठरवलेल्या. पण मशीन बरी आहे याचा अर्थ आपण सुखरूप आहोत असा होत नाही. बरी मशीनच हात तोडते. बिघडलेली काय तोडणार?

मला घरचा बोर्ड आठवला. त्याच्यावरचा बारीक लाल दिवा लागला की आपण म्हणतो, लाईट आली. मिक्सरचा लाल लागला की मिक्सर चालू. आम्हाला सगळ्यांना घरूनच तसं शिकवलेलं होतं. मावशी चुकली नव्हती. ती नेहमीच्या रस्त्याने चालली होती, रस्ता कोणीतरी बदलला होता.

"सोपं हाय मंग," काळेसाहेब म्हणाले. "नव्याचे दिवे बदला. लाल तिथं हिरवा, हिरवा तिथं लाल. बायांले जशी सवय हाय तसं करून टाका."

मला फार आनंद झाला. माझ्याही मनात तेच आलं होतं. राऊतसर तेव्हा फोनवर बोलायला बाहेर गेले होते. रहीमभाईंनी दिव्यांच्या रंगीत टोप्या काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या. टोपी म्हणजे दिव्यावरचं रंगीत झाकण, ते फिरवून निघतं. मावशी म्हणाली, "झालं बाई एकदाचं." तिने सुपारीचा तुकडासुद्धा तोंडात टाकला.

राऊतसर आले आणि पाहतच राहिले.

"हे कोणी केलं? काढा. आत्ताच्या आत्ता काढा."

"बायांच्या सोयीसाठी हाय न सर," साहेब म्हणाले.

"साहेब, उद्या अमरावतीहून माझा मेकॅनिक येईल. त्याले कोणी सांगन का, का ह्या मिलमधी उलटं हाय? तो लाल पाहीन, त्याले वाटन बिघडून बंद पडली. झाकण उघडून हात घालीन. बाईचा हात वाचला, त्याचा गेला."

रहीमभाई टोप्या परत काढायला लागले.

"आन् दुसरं. लाल जर चालूचा झाला, तं बिघाडाले कोणता रंग लावू? जुन्या मशीनले बिघाडाचा दिवाच नाही. ती ओरडून सांगते, जळका वास देऊन सांगते. ही मुकी हाय. हिचा लाल दिवा म्हणजे हिचं ओरडणं हाय. ते तुमी बंद करून टाकलं."

माझा आनंद गेला. पण त्यांचं म्हणणं पटलं. मी कधी त्या मेकॅनिकला पाहिलं नव्हतं, तरी त्याचा हात माझ्या डोळ्यांसमोर आला.

मग ठरलं की नवं आहे तसं राहील आणि जुनं पॅनल बदलायचं. एका मिलमध्ये दोन भाषा नकोत. रविवारी मिल बंद असते, तेव्हा रहीमभाई टोप्या बदलतील. सोमवारी नवी लाईन सुरू. काळेसाहेबांनी अट घातली. "सोमवारी बायांले समजलेलं दिसलं तं ठीक. नाही तं मी पोरं आणतो. आन् सुमनबाई आवारात. मले कोणाचा तुटलेला हात माह्या डोक्यावर नको."

शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर राऊतसरांनी आम्हा सगळ्यांना पोत्यांच्या थप्पीजवळ बसवलं. त्यांच्या हातात चार टोप्या. हिरवी, पिवळी, लाल, पांढरी. ते एकेक दाखवून सांगत होते आणि आम्ही माना हलवत होतो. मी शाळेत चौथीपर्यंत होते. न समजता मान कशी हलवतात ते मला चांगलं माहीत आहे. सगळ्याजणी तशाच हलवत होत्या.

काळेसाहेबांना वाटलं आपण मदत करावी. ते म्हणाले, "सोपं ध्यानात ठेवा. हिरवा म्हणजे हिरवा चुडा. बाई नांदून राहिली, संसार चालू हाय. हिरवा चुडा, मशीन चालू!"

सुमनमावशीने तिची दोन्ही रिकामी मनगटं वर केली.

"मंग मी काय साहेब, बंद मशीन हाव का?"

सगळ्या बायका हसल्या. मावशी स्वतः सगळ्यांत जास्त हसली. साहेबांना कुठे पाहावं ते कळेना. "तसं नाही वो," असं म्हणत ते थप्पीवरची पोती मोजल्यासारखं करायला लागले.

राऊतसरांनी हसू आवरलं आणि मावशीजवळ येऊन बसले.

"मावशी, तुमीच सांगा. हिरवं म्हटलं की तुमच्या मनात काय येते?"

"पऱ्हाटी," मावशी म्हणाली. कपाशीला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. मिलमध्ये यायच्या आधी मावशीने उभा जन्म दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलं होतं.

"बरं. पऱ्हाटी हिरवी असली तं?"

"चांगली हाय. वाढून राहिली."

"पिवळी पडली तं?"

"पाणी साचलं असन. नाही तं रोगाची सुरुवात. जाऊन पाहा लागते."

"आन् लाल?"

"लाल्या!" मावशीच्या आधी पाच-सहा बायका ओरडल्या. लाल्या हा कपाशीचा रोग. पानं लाल पडतात आणि झाड बसतं. आमच्याकडे तो न पाहिलेलं माणूस नाही.

राऊतसर उठून उभेच राहिले. "हेच! बस, हेच! हिरवी चांगली, पिवळी पडली तं पाहा, लाल्या आला तं थांबा. माह्या बापाचं वावर हाय अंजनगावले, आन् मले हे सुचलं नाही."

सगळ्या खूश झाल्या. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. हिरवी पऱ्हाटी चांगली, हे बाईच्या मनात बसलं तर ती हिरव्यात हात घालणारच. चांगल्याला कोण भितं? मोठ्याने बोलायचा धीर नव्हता. मी मावशीच्या कानात सांगितलं.

मावशीने थोडा विचार केला. मग ती मोठ्याने म्हणाली, "सर, ही म्हणते ते खरं हाय. हिरवी चांगली, पण आपल्यासाठी नाही चांगली. उभ्या पिकात ढोर सोडते का कोणी? हिरवं म्हंजे उभं पीक. तिथं हात नाही सोडायचा."

"उभ्या पिकात ढोर नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

"ढोर कोणाले म्हणते वो?"

"तुह्या हाताले!"

पुन्हा हसणं झालं. पण ते वाक्य सगळ्यांना पाठ झालं. मला तेव्हाच कळलं होतं की होणार.

"आन् पांढरा?" राऊतसरांनी पांढरी टोपी वर केली.

"पांढरा म्हंजे कापूस फुटला," मावशी जोरात म्हणाली. "आता हात घाला, येचा!"

"नाही, नाही मावशी!" सरांचा चेहरा उतरला. "पांढरा म्हणजे मशीन उभी हाय, पण करंट हाय. कोणी तिकडून बटण दाबलं तं चालू होईन. पांढऱ्यात पण हात नाही."

मावशीला ते आवडलं नाही. तिचं म्हणणं मोडलं होतं. ती पांढऱ्या टोपीकडे पाहत राहिली. मग हळू म्हणाली, "कापूस फुटला म्हणून काय कोणी बी येचायले घुसते? वावराच्या मालकाले इचारा लागते. मंग जा."

"आन् इथं मालक कोण?" सरांनी विचारलं.

उत्तरही सरांनीच दिलं. नव्या पॅनलच्या बाजूला एक मोठा हँडल आहे. तो खाली ओढला की त्या मशीनची वीज तुटते. मग कोणी कुठूनही बटण दाबो, मशीन हलत नाही. त्या हँडलला कुलूप घालायला भोक ठेवलेलं असतं. जी बाई हात घालणार तिने हँडल खाली ओढायचा, स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. काम झालं, हात बाहेर आला, की तिनेच कुलूप काढायचं. दुसऱ्या कोणी नाही. साहेबांनीसुद्धा नाही.

"हे कुलूप तुमचा मालक," सर म्हणाले. "दिवा कोणताही असो. मालकाले इचारल्याशिवाय वावरात जायचं नाही."

"दिवसातून दहा वेळा चोक होते सर," काळेसाहेब म्हणाले. "दहा वेळा कुलूप लावत बसल्या तं तूर कधी निघन?"

"तूर उशिरा निघन साहेब. बोट निघाल्यापेक्षा बरं."

रविवारी रहीमभाईंनी जुन्या पॅनलच्या टोप्या बदलल्या, चालूला हिरवी आणि बंदला पांढरी. जुन्या मशीनींनाही त्यांनी कुलपाची सोय करून दिली. स्वतःच बांधलेलं पॅनल त्यांना उलटं करावं लागलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "बेटा, रंग कोणता बी राहो. जो बोलतो त्याचं आन् जो ऐकतो त्याचं एक पाह्यजे." नव्या मशीनच्या झाकणाचा स्विचही त्या दिवशी जोडला गेला.

सोमवारी सकाळी मी जुन्या पॅनलसमोर उभी राहिले आणि मला गरगरल्यासारखं झालं. सगळ्या मशीनी चालू आणि सगळीकडे हिरवं. डोकं म्हणत होतं, चालू आहे. पाय म्हणत होते, बंद आहे, पुढे जा. डोक्याला एका दुपारीत शिकवता येतं. पायांना वेळ लागतो. मी मनात म्हणत राहिले, उभं पीक, उभं पीक. आजूबाजूला पाहिलं तर बाकीच्या बायकांचेही ओठ हलत होते.

दुपारच्या आधी नव्या एलेव्हेटरला चोक आला. पिवळा लागला, मग लाल. काळेसाहेब मुद्दाम तिथेच उभे होते. मावशी पुढे झाली. तिने दिव्याकडे पाहिलं, मग हँडलकडे गेली. हँडल जड होता. दोन्ही हातांनी ओढला. कुलूप घातलं, ओढून पाहिलं, किल्ली कमरेला खोचली. मग झाकण उघडलं, झाडणी घातली, मग हात घातला. ओंजळ ओंजळ तूर बाहेर आली आणि शेवटी एक वाकडी काडी. ती काडी तिने साहेबांच्या समोर धरली.

"लाल्या काढला साहेब."

साहेब हसले नाहीत. पण आवाराचं नावही काढलं नाही.

त्यानंतर थोडे दिवस गेले. आवार हा शब्द अधूनमधून निघायचा. चोक जास्त झाले की साहेब घड्याळाकडे पाहायचे. कुलपाचा वेळ त्यांना डाचत होता. एकदा ते मला म्हणाले, "ताई, आता तर बायांले दिवे समजले. कुलूप राहू द्या न." मी मान हलवली. हो पण नाही आणि नाही पण नाही. घरी जाऊन मला माझाच राग आला.

त्याचं उत्तर मशीननेच दिलं.

दमट हवेचे दिवस होते. तूर ओलसर यायची, बूट सारखा भरायचा. जुन्या लाईनचा एक एलेव्हेटर चोक झाला. जुन्या झाकणांना आपोआप बंद पडणारा स्विच नाही. मी बंदचं बटण दाबायला पॅनलकडे गेले तर त्या एलेव्हेटरचा एकही दिवा लागलेला नव्हता. हिरवा नाही, पांढरा नाही, काही नाही. तिथे नवीन आलेली एक बाई होती. ती म्हणाली, "दिवाच नाही. बंदच पडली वाटते." आणि झाकणाकडे वाकली.

मावशीने तिची कोपर धरली.

"दिवा नाही म्हणून काय झालं? अंधार पडला म्हंजे पीक जाते का?"

ती बाई म्हणाली, "पण चोक हाय मावशी, पट्टा अडकला असन."

"असन. मालकाले इचार."

मावशीने स्वतः जाऊन हँडल खाली ओढला. आणि आमच्या सगळ्यांच्या पायाखालची थरथर एकदम थांबली. एरवी बोंबलणारा तो एलेव्हेटर चोकमुळे दबल्या आवाजात चालला होता, आणि शेजारच्या मशीनींच्या गलक्यात ती थरथर कोणाला वेगळी कळली नव्हती. थांबली तेव्हा कळली. एलेव्हेटर चालू होता. वाट्या अर्ध्या भरलेल्या बुटातून ओढत ओढत फिरत होत्या. दिव्यांची तार मागून सुटली होती, एवढंच.

नवीन बाई खाली पोत्यावर बसली. काळेसाहेब आमच्यामागेच होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते म्हणाले, "रहीमभाईला बोलवा. दिवा दुरुस्त करा."

"करा न साहेब," मावशी म्हणाली. "पण कुलूप राहू द्या."

"कुलूप राहीन," साहेब म्हणाले. "आन् सुमनबाई, नवीन कोणी कामावर आली का आधी तुमच्याजवळ पाठवीन. तुमी पास केलं तं ती मशीनवर."

मावशीने मान हलवली. त्या वेळी ती खांबाला टेकून उभी होती आणि तिचा हात कमरेच्या किल्लीवर होता. घरी जाताना रिक्षात ती मला म्हणाली, "सासूनं कधी घरातल्या डब्याची किल्ली देली नाही मले. आन् आता पाह्य." तिने किल्ली वाजवून दाखवली. एकच किल्ली, ती काय वाजणार. तरी ती वाजवत होती.

राऊतसर अजून कधी कधी सर्व्हिसला येतात. त्यांनी दुसऱ्या मिलमध्येही बायकांना पऱ्हाटीच्याच रंगांनी शिकवलं असं सांगितलं. तिथे एकीने विचारलं म्हणे, की निळा दिवा लागला तर काय. ते मावशीला विचारायला आले होते. मावशी म्हणाली, "निळी पऱ्हाटी मी पाह्यली नाही. ते तुमीच सांगा."

मी एवढं शिकले. दिवा खोटं बोलत नाही. पण तो कोणाशी बोलतो आहे ते पाहावं. बहुतेक वेळा तो मशीनच्या तब्येतीचं बोलत असतो, आपल्या हाताचं नाही. आपल्या हाताचं आपल्यालाच पाहावं लागतं, आणि त्यासाठी किल्ली कमरेला असलेली बरी.